शिट्टी वाजली की गाडी थांबवा



आपले वडगाव रासाई भीमेच्या काठचे. नदीच्या अलीकडे आपला शिरूर तालुका, पलीकडे दौंड तालुका. उत्तरेला पुणे-अहिल्यानगर महामार्ग, दक्षिणेला पुणे-सोलापूर महामार्ग. बाजार, दवाखाना, कारखाना, कॉलेज, कुठेही जायचे म्हटले की घरची मोटारसायकल निघते. पूर्वी असे नव्हते. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना आली, त्याच साली बजाजची चेतक आली, आणि हळूहळू खेड्यापाड्यांत दुचाकी दिसू लागल्या. आता ज्याच्या दारात बैलजोडी नाही, त्याच्याही दारात मोटारसायकल आहे.

गाड्या वाढल्या, तसे नाक्यावर पोलीसदादाही दिसू लागले. त्यांनी हात केला, शिट्टी वाजवली, की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. कोणी गाडी वळवून पळतो, तर कोणी शेतातल्या पांदीने निघून जातो. म्हणून पोलीस गाडी का थांबवतात, ताकीद म्हणजे काय, चलन म्हणजे काय आणि थांबल्यावर वागायचे कसे, हे आज समजून घेऊ.

ताकीद आणि चलन

वर्गात कोणी दंगा केला की गुरुजी आधी समज देतात. पुन्हा केला की शिक्षा. रस्त्यावरही बरेचसे तसेच चालते. चूक लहान असली तर पोलीस कधी कधी नुसती समज देऊन सोडतात, “पुन्हा असं करू नका” म्हणतात. ही झाली ताकीद. ताकीद मिळालीच पाहिजे असा मात्र कोणाचा हक्क नाही. चूक धोक्याची असेल तर पहिल्याच वेळी चलन होते. चलन म्हणजे नियम मोडल्याची लेखी नोंद आणि दंडाची रक्कम. आता ते यंत्रावर निघते, म्हणून त्याला ई-चलन म्हणतात. गाडीच्या मालकाच्या मोबाइलवर त्याचा निरोप येतो. कॅमेऱ्याने टिपलेल्या गाडीलाही असेच चलन येते.

हे सारे ज्या कायद्याने चालते, त्याचे नाव मोटार वाहन कायदा, १९८८. त्याआधी १९३९ चा कायदा होता. २०१९ साली नव्या कायद्यात मोठी दुरुस्ती होऊन दंड वाढले. त्यातले कलम १८४ धोकादायक रीतीने गाडी चालवण्याबद्दल आहे. लाल दिवा तोडणे, उलट्या बाजूने गाडी नेणे, चुकीच्या जागी ओव्हरटेक करणे, हातात मोबाइल धरून गाडी चालवणे, हे सारे त्यात येते. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

वेगाचे गणित

“एवढ्याशा वेगाने काय होतंय?” असे मोठी माणसे म्हणतात. मुलांनो, आपण गणित करून पाहू.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर म्हैस आडवी आली. ती डोळ्यांना दिसून पायाने ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी १७ मीटर गेली! सहा मीटर लांबीच्या जवळजवळ तीन वर्गखोल्या एका ओळीत ठेवा, तेवढे अंतर. ब्रेक लागल्यावरही कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. एकूण झाले ३७ मीटर.

आता ताशी ४० चा वेग घ्या. विचारात ११ मीटर, ब्रेकमध्ये ९ मीटर, एकूण २० मीटर. आणि ताशी ८० चा? विचारात २२, ब्रेकमध्ये ३६, एकूण ५८ मीटर. पाहा, ४० चे ८० केले, म्हणजे वेग दुप्पट झाला. पण ब्रेक लागल्यावरचे अंतर ९ वरून ३६ झाले, म्हणजे चौपट! गंमत वाटते ना? पण यातच पुष्कळांचा जीव गेला आहे.

हे गणित कोरड्या रस्त्याचे झाले. आपल्याकडे उसाच्या हंगामात रस्त्यावर उसाची कांडी सांडलेली असतात, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल पडलेला असतो. त्यावर चाक घसरते, अंतर आणखी वाढते. रात्री उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी असते. मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. गाडीच्या दिव्यात ती अगदी जवळ आल्यावर दिसते. तेव्हा वेग ६० चा असेल तर ब्रेक दाबून काय उपयोग? म्हणून सांगायचे काय, तर वेग सावकाश ठेवणे हे मोटारसायकलवाल्याचे काम आणि ट्रॉलीला मागे दिवा लावणे हे ट्रॅक्टरवाल्याचे काम. चूक एकाची असली तरी जीव दुसऱ्याचा जातो.

सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शंभरातली सुमारे ४४ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे त्या एका वर्षात गेली.

डोके एकच आहे

हात मोडला तर प्लास्टर घालता येते. डोके फुटले तर काय करणार? हेल्मेट घातल्याने दुचाकीस्वाराचा अपघातात मृत्यू होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक देशांतल्या पाहणीतून दिसले आहे. पण हेल्मेट आय.एस.आय. खुणेचे हवे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा. आरशाला अडकवलेले हेल्मेट आरशाचे रक्षण करते, डोक्याचे नाही!

कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट लागते, मागे बसणाऱ्यालाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळासाठी २०२३ पासून वेगळा नियम आहे: त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि गाडीचा वेग ताशी ४० च्या पुढे जाता कामा नये.

मागे एकच माणूस बसवावा, असेही कायदा सांगतो. तिसरा लहान मुलगा असला तरी तो तिसराच. टाकीवर बसवलेल्या मुलामुळे हँडल नीट वळत नाही, आणि गाडी अचानक थांबली तर पहिला मार त्यालाच बसतो.

दादाला गाडी देऊ नका

आपल्या गावात दहावी-अकरावीतला दादा सर्रास गाडी चालवतो. घरचेही कौतुकाने म्हणतात, “आमचा पोरगा काय गाडी हाणतो!” पण गिअरची मोटारसायकल चालवायला वय १८ पूर्ण आणि लायसन्स लागते. त्याहून लहान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. दोन मिनिटांच्या ऐटीची किंमत केवढी, पाहा!

पोलिसांनी थांबवल्यावर

१. वेग कमी करा, डावीकडचा दिवा दाखवा आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्या. एकदम ब्रेक लावू नका, मागून ट्रक येत असेल.

२. गाडी वळवून उलट्या बाजूने पळू नका. दंडाच्या भीतीने पळणाऱ्याला समोरची गाडी दिसत नाही. चारशे-पाचशे रुपये वाचवायला गेलेला घरी परत येईलच असे नाही.

३. गाडी बंद करा, स्टँडवर लावा. लायसन्स, गाडीची नोंदणी, विमा आणि पी.यू.सी. मागितले की दाखवा. सरकारच्या डिजीलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधले कागदही चालतात.

४. “साहेब, माझं काय चुकलं?” असे शांतपणे विचारा. कारण समजून घेणे हा तुमचा हक्क आहे. पण आवाज चढवू नका.

५. दंड भरला तर पावती घ्याच. पावतीशिवाय पैसे देऊ नका आणि कोणी मागितले तरी देऊ नका. चलन चुकीचे वाटले तर तक्रार करण्याची सोय ई-चलनाच्या सरकारी संकेतस्थळावर आहे.

६. मोबाइलवर “तुमचे चलन आहे, इथे दाबा” असा अनोळखी निरोप आला तर दाबू नका. चोर अशा निरोपांनी बँकेतले पैसे पळवतात. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून खात्री करा.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. गाडी अडवली की पुष्कळ लोक खिशातून मोबाइल काढतात आणि पुढाऱ्याला फोन लावतात, “भाऊ, जरा साहेबांना सांगा ना.” गाडी सुटते, पैसे वाचतात, माणूस मिशीला पीळ देतो. पण त्याची चूक सुटली का? ती तशीच राहिली. उद्या वळणावर समोरून ट्रॅक्टर येईल तेव्हा भाऊंचा फोन चालणार नाही. पोलीस सोडतात, रस्ता सोडत नाही.

अपघात दिसला तर घाबरून पळू नका, मोठ्यांना हाक मारा. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती मनातून काढा. चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला कायद्याने २०१९ पासून संरक्षण आहे.

आपण काय करायचे?

तुम्ही म्हणाल, आम्ही तर लहान, आमच्या हातात काय? पुष्कळ आहे! आजपासून घरी बाबा, काका, दादा गाडीला किक मारतील तेव्हा विचारा, “हेल्मेट घेतलं का? पट्टा लावला का?” गाडीवर असताना मोबाइल वाजला तर “बाबा, आधी गाडी थांबवा” असे म्हणा. रागावले तरी म्हणा. एस.टी.त लिहिलेले असते ना, मनाचा ब्रेक उत्तम ब्रेक? ज्याच्या मनाला ब्रेक लागत नाही, त्याच्या घरच्यांनी तो लावावा. पोलीसदादा नाक्यावर एखादे दिवशीच उभे असतात. तुम्ही मात्र घरात रोज आहात.

घरचा अभ्यास : ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात किती मीटर जाईल? गणित वहीत करा आणि उत्तर घरी सर्वांना वाचून दाखवा.