वाढत्या अंगाचं

बाळंतविडा शिवणाऱ्या बाईला एक अडचण असते, जी कुठल्याच शिंप्याला येत नाही. तिचं गिऱ्हाईक अजून जन्मालाच आलेलं नसतं. सातव्या-आठव्या महिन्यात झबली, टोपरी, कुंची, लाळेरी, मोजे असा सगळा जामानिमा करायला घ्यायचा आणि माप द्यायला समोर कोणी नाही. बरं, माप मिळालं तरी ते टिकत नाही. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो दरमहा जवळपास दोन सेंटिमीटर वाढतो आणि वर्ष भरेपर्यंत ४५-४६वर जातो. बारशाला डोळ्यांवर येणारं टोपरं दोन-तीन महिन्यांत कानांच्या वर चढतं.

माझी मावशी नगरला सावेडीत राहते. (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी अजून नगरच आहे.) नात्यातल्या, गल्लीतल्या, ओळखीच्यांच्या लेकीसुनांसाठी ती हे काम कित्येक वर्षं करते आहे. तिच्याकडे छापील नमुन्यांचं पुस्तक नाही. ‘सार्वमत’च्या जुन्या अंकांवर बेतलेली पेपर कटिंग आहेत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुरळी करून ठेवलेली, आणि एक लांबट, हिशेबाची असते तशी वही. यंदाच्या थंडीत मी तिच्या शेजारी बसून हे काम पाहिलं, थोडं हातानंही केलं. मावशी कापड कापण्याआधी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती: ‘यात वाढ कुठं ठेवायची?’

पहिला मान कुंचीचा. बारशाला बाळाला पाळण्यात घालताना कुंची हवी आणि ती खणाची हवी, असा बऱ्याच घरांत आग्रह असतो. मावशीनं कापडबाजारातून आणलेला गुळेदगुड्डचा खण सतरंजीवर पसरला. खणाचा पन्हा लहान, जेमतेम ३० इंच, आणि दोन्ही कडांना काठ. कात्री हातात होती, पण बराच वेळ ती नुसती काठाकडे बघत राहिली.

“काठ कुठं येणार ते आधी ठरव,” ती म्हणाली. “काठ असेल तिथं दुमड नको, हेम नको. दुमड आली की जाडी आली, आणि ती बाळाला रुतते.”

कुंचीचे तुकडे दोनच, डोक्याचा आणि पाठीवरच्या घोळाचा. डोक्याचा तुकडा १४ इंच लांब आणि सात इंच रुंद. त्याची १४ इंचांची एक बाजू काठावर धरायची. हा तुकडा लांबीत मधोमध दुमडला की काठाची बाजू पुढे येते, ती कपाळावर. मागची बाजू अर्धा इंच आत धरून शिवून टाकायची. खाली राहिलेल्या दोन कडा साडेसहा-साडेसहा इंचांच्या. झाला १३ इंचांचा गळा. मागे वर जे टोक राहतं तिथे हौशी माणसं गोंडा लावतात. मावशी टोकावर आतून आडवी टीप मारून ते गोलसर करते आणि गोंडा टाळते, कारण बाळाच्या हाताला लागेल ते बाळाच्या तोंडात जातं.

घोळ १८ इंच लांब आणि रुंदीला खणाचा पूर्ण पन्हा, म्हणजे दोन्ही काठ आपोआप पुढच्या उघड्या कडांवर येतात. वरच्या बाजूला चुण्या घालून ३० इंचांचं १३ इंच करायचं आणि गळ्याला जोडायचं. या चुण्या मी पाहिलेल्या बाजारच्या कुंच्यांत सगळीकडे सारख्या वाटलेल्या असतात. मावशी मानेमागचे मधले तीन इंच सपाट सोडते आणि चुण्या दोन्ही खांद्यांकडे सारते. तान्हं मूल बसत नाही, ते मांडीवर नाहीतर पाळण्यात उताणंच असतं. चुण्यांचा जाड गठ्ठा मानेखाली आला की ते किरकिरणारच. एका मीटरच्या आत खणात कुंची बसते, आणि डोक्याच्या तुकड्याशेजारी जो १४ बाय २३ इंचांचा भाग उरतो त्यात एक टोपरं निघतं.

खणाच्या उलट्या बाजूला नक्षीचे सुटे धागे असतात, म्हणून आतून मलमलीचं अस्तर. ते अस्तर ती खणाबरोबर एका शिवणीत धरत नाही. वेगळं शिवून कडेनं हातटाक्यांनी बसवते. असं केलं की दीड-दोन महिन्यांनी हातटाके उसवून मागच्या शिवणीतला अर्धा इंच मोकळा करता येतो, आणि एवढ्यावर कुंची आणखी काही आठवडे चालते. कुंचीतली वाढ त्या शिवणीत आहे.

झबल्यात ती दुसरीकडे असते. खालच्या घेराच्या थोडं वर आतल्या बाजूला एक इंच कापडाचा टक घातलेला असतो. उंची वाढली की टीप उसवायची. छातीची वाढ बंदांत. झबलं पुढे उघडं ठेवून एक पाखं दुसऱ्यावर तीन इंच चढवायचं आणि कडेला बंद लावायचे. बाळ भरत जातं तसं चढवणं कमी होतं. बटण लावलं तर माप एकाच जागी अडकतं. बंदही सहा इंचांहून लांब नकोत. लांब नाडी गळ्याभोवती जाण्याची भीती. पहिल्या महिन्याच्या झबल्यांत शिवणींची बाजू बाहेर ठेवायची. दिसायला उलटं दिसतं, पण अंगाला काही घासत नाही.

कापड ताणत नाही, म्हणून मापात मिळवायचं. लोकर ताणते, म्हणून मापातून वजा करायचं. हा फरक मला वाचून ठाऊक होता, पण कळला तो हातात सुया घेतल्यावर. आपल्या जिल्ह्यात मेंढ्यांना तोटा नाही. पण धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, घोंगडीला उत्तम आणि बाळाच्या कानाला अगदीच नको. सुयांवर जाते ती दुकानातली मऊ, चार पदरी लोकर. तीत अॅक्रिलिक असतं, पण रोज धुवायला ते सोपं.

विणायच्या आधी मावशीनं मला १० नंबरच्या सुयांवर चार इंचांचा चौकोन विणायला लावला आणि त्यावर पट्टी ठेवून टाके मोजले. तिच्या हाताला एका इंचात सात टाके बसतात आणि नऊ ओळी. माझा हात सैल. मला इंचात साडेसहाच. एवढ्याशा फरकानं काय होतं ते वहीतल्या तीन महिन्यांच्या कानटोपीवरून लक्षात येतं. डोकं १६ इंच. लोकर ताणून नीट बसावी म्हणून दोन इंच वजा, राहिले १४. सात गुणिले १४, टाके ९८. तेच ९८ टाके माझ्या हातानं १५ इंचांची टोपी देतात, आणि ती कानांवरून सरकते. वहीतला आकडा उतरवून घेऊन म्हणूनच भागत नाही. मला ११ नंबरची सुई घ्यावी लागली.

आता ९८च का, ९६ किंवा १०० का नाही? टोपी दोन सुयांवर सपाट विणून मागे जोडायची असते. दोन्ही कडांचा एक-एक टाका शिवणीत जातो. राहिले ९६, आणि ९६ला आठानं भाग जातो. सुरुवातीला एक सुलट, एक उलट अशी इंचभर पट्टी; मग साधं विणत साडेतीन इंच उंची. तिथून माथा. ९६चे आठ भाग, प्रत्येकी १२ टाके. दहा सुलट, दोन एकत्र, असं आठ वेळा, राहिले ८८. परतीची ओळ उलट. मग नऊ सुलट, दोन एकत्र; ८०. असं एकाआड एक ओळ कमी करत शेवटी आठ टाके राहतात. त्यांतून सुईनं लोकर ओवायची आणि घट्ट ओढायची.

टाके एकाआड एक ओळीतच का कमी करायचे, हे मी विचारलं तेव्हा मावशीनं वहीच्या मागच्या पानावर वर्तुळ काढलं. परिघ १४ इंच असलेल्या चकतीची त्रिज्या सव्वादोन इंच. बारा टाक्यांवरून एकावर यायला अकरा वेळा कमी करावं लागतं, एकाआड एक म्हणजे २२ ओळी, आणि इंचाला नऊ धरल्या तर अडीच इंचांना थोडं कमी. चकतीपेक्षा पाव इंच जास्त. हा पाव इंच म्हणजे टाळूवरचा फुगवटा. प्रत्येक ओळीला कमी केलं तर माथा आवळून चुरगळतो; चार-चार ओळींनी केलं तर टोपीला शेंडा येतो. शाळेत पाय सूत्र घोकून घेतात ते बहुतेकांना पुढे कधी लागत नाही. मावशीला ते आठवड्याला लागतं, आणि ती ते ‘सव्वासहानं भागायचं’ एवढंच म्हणते.

या टोपीला एवढा मान का, तर तान्ह्या बाळाच्या अंगाच्या एकूण पृष्ठभागाचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या डोक्याचा असतो. ऊब जाते ती तिथून. नगरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली येतो. कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवतात, तेव्हाही डोक्यावर टोपी आणि पायांत मोजे ठेवायला डॉक्टर सांगतात.

मोज्यांचं गणित लहान पण कटकटीचं. बाळ सारखे पाय झाडतं आणि मोजा पडतो. घोट्यापाशी एक जाळीची ओळ विणून त्यात नाडी ओवायची ही जुनी रीत. मावशीनं ती सोडून घोट्यावर दीड इंच एक सुलट-एक उलट विण आणली. नाडी आवळावी लागते, ही विण आपोआप आवळते आणि पाय वाढला की सैलावते. दोन रंगांची नक्षी मोज्यांत ती करत नाही. आत सुटे धागे राहतात आणि त्यांत बाळाचं बोट अडकतं. वेढा बसला तर रक्त थांबतं, आणि मोजा असल्यानं कोणाला दिसतही नाही.

सुयांवरचं विणकाम आपल्याकडे आलं ते युरोपीय बायका आणि मिशनऱ्यांबरोबर. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं १८३१पासून. मिस सिंथिया फरार १८२७ला मुंबईत उतरल्या, १८३९ला नगरला आल्या आणि १८६२मध्ये इथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. त्या काळच्या मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचनाबरोबर शिवण असायचीच. कुंची मात्र तशी कोणी शिकवायला लागली नाही. ती घरातच होती.

फरारबाईंच्या निधनानंतरच्याच वर्षी, १८६३ला, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्यानं वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले. तोवर घरी शिवणाऱ्या बाईला एकाच मापाचा नमुना मिळायचा आणि तो तिनंच लहान-मोठा करायचा. बटरिकनं ते डोकं खपवणं संपवलं: मूल वाढलं, पुढच्या मापाचा कागद घ्या, नवा कपडा शिवा. मावशीची रीत याच्या अगदी उलटी. ती एकाच कपड्यात दोन-तीन मापं भरून ठेवते, आणि पुढचं माप कात्रीनं नव्हे, उसवून काढायचं असतं. बटरिकची सोय जिथे कापड मुबलक तिथली. आपल्याकडे एक झबलं धाकट्याला, चुलतभावाला, मग शेजारी जायचं असतं, तिथे दुसरी रीतच परवडते.

मी होते तेव्हा पाथर्डीकडची एक सून आली होती. घरची माणसं ऊसतोडीला निघायची होती, मूल चार महिन्यांचं. “काकू, रानात वारं लई असतंय. खणाची नको, गरम द्या,” ती म्हणाली. मावशीनं खणाचंच पेपर कटिंग काढलं, पण ते जसंच्या तसं वापरलं नाही. मूल मोठं म्हणून डोक्याचा तुकडा १६ इंचांचा केला. बाहेर जाड सुती कापड, आत फलालीन. घोळाच्या पुढच्या कडांना काठ नव्हता म्हणून उरेब पट्टी लावली, आणि वारं आत शिरू नये म्हणून त्या एकमेकींवर चार इंच चढतील एवढं कापड वाढवलं. “कोपीत आणि टोळीत मूल कडेवर असतं,” तिनं मला समजावलं (कोपी म्हणजे तोडकऱ्यांची झोपडी), “तिथं घोळ १८ इंच ठेवला तर पायात येतो.” घोळ १४वर आणला. सून पैसे विचारत होती. मावशीनं कापडाचे घेतले, शिलाईचे नाही.

एक अट मात्र मावशी सगळ्यांना घालते. कपडा आखूड झाला की एकदा तिला आणून दाखवायचा, मग हवा त्याला द्यायचा. ती तो उलटा करते, शिवणींवरून बोट फिरवते. टीप कुठे ताणली, कापड कुठे विरलं, कोणता टक कधी उसवलाच नाही, हे सगळं वहीत जातं. मागच्या वर्षीच्या परत आलेल्या कुंच्यांत घोळ जवळजवळ नवा होता, पण गळ्याची शिवण दोन्ही बाजूंना ताणून विरळ झालेली. डोकं तर मोठं होतंच, मानही भरते. तिथे वाढ ठेवलीच नव्हती. तिनं घोळाची लांबी एक इंच कमी केली, डोक्याच्या तुकड्याची रुंदी पाव इंचानं वाढवली, आणि जुन्या पेपर कटिंगला कडेनं ‘सार्वमत’ची एक पट्टी डिंकानं चिकटवली. वहीत आता लिहिलं आहे: घोळ १७, गळा साडेतेरा.