रात्रपाळी कोणी करायची?

टाइप १ मधुमेहात इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशी शरीराची प्रतिकारयंत्रणाच नष्ट करते. मग त्यांचं काम माणसाला हातानं करावं लागतं. जेवणाआधी हिशेब, खेळायला जाण्याआधी हिशेब. आणि झोपेत शुगर उतरलीच तर जाग येईल, या भरवशावर निजायचं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं, तेव्हापासून औषध आहे. रात्रपाळी मात्र रुग्णाकडे, नाहीतर त्याच्या आईकडेच राहिली.

ही पाळी यंत्राकडे द्यायला रुग्ण राजी होतील का, असं संशोधक विचारत असताना सिएटलच्या डेना लुइस यांनी थांबायचं नाकारलं. त्या एकट्या राहत, झोप गाढ, आणि त्यांच्या ग्लुकोज सेन्सरचा अलार्म त्यांना उठवण्याइतका मोठा नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक या प्रोग्रामर बापानं आपल्या लहान मुलाच्या सेन्सरमधले आकडे इंटरनेटवर आणण्याची वाट काढली होती. तिचा आधार घेऊन लुइस आणि स्कॉट लायब्रँड यांनी आधी मोठा अलार्म केला, मग पुढची शुगर वर्तवणारं गणित बसवलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये ते थेट इन्सुलिन पंपाला जोडलं. २०१५ मध्ये ‘ओपनएपीएस’ या नावानं ते सर्वांना खुलं झालं. त्यासाठी काही जुनेच पंप लागत, कारण सुरक्षेतल्या त्रुटीमुळे त्यांना बाहेरून आज्ञा देता येई. कंपनीच्या लेखी जो दोष, तोच या मंडळींच्या कामाचा!

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं पहिलं ‘हायब्रीड’ यंत्र, मेडट्रॉनिकचं ६७०जी, सप्टेंबर २०१६ मध्ये मंजूर केलं. हायब्रीड अशासाठी की जेवणाची वर्दी माणसानंच द्यायची. सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा देतो, पण तो रक्तातला नसतो, त्वचेखालच्या द्रवातला असतो; रक्तातल्या चढउताराच्या थोडा मागेच चालतो. त्वचेखाली दिलेलं जलद इन्सुलिनही लागलीच लागू पडत नाही आणि एकदा दिलं की परत घेता येत नाही. म्हणून ताटातलं पिष्ट मोजणं सुटत नाही. फराळाच्या ताटासमोर बसून ते मोजून पाहावं, म्हणजे या ‘स्वयंचलित’ शब्दातलं उरलेले कष्ट कळतील.

६७०जी घेतलेल्यांपैकी पुष्कळांनी त्याचा ऑटो मोड, म्हणजे इन्सुलिन आपोआप ठरवणारी सोय, सोडून दिला. स्टॅनफर्डच्या २०१९ मधल्या अभ्यासात वर्षभरात असं करणारे सुमारे एक तृतीयांश होते. सेन्सर जुळवून घ्यायला पुन्हा पुन्हा बोट टोचायचं, वेळी-अवेळी अलार्म वाजायचे, मध्येच यंत्र ऑटोमधून बाहेर पडायचं. रात्री झोप मिळावी म्हणून घेतलेलं यंत्रच उठवायला लागलं, तर ते काढून ठेवणाऱ्याला नवं स्वीकारायला घाबरणारा का म्हणायचं? हीच माणसं तर सर्वांत आधी पुढे आली होती. त्याआधी, २०१७ मध्ये, अमेरिकेतल्या सुमारे १,५०० प्रौढांच्या पाहणीतही ४७ टक्क्यांनी उपकरण सतत अंगावर वागवण्याची कटकट सांगितली होती. ३५ टक्क्यांना ते अंगावर असणंच नको होतं. आणि खर्चाची तक्रार याहूनही मोठी होती.

यंत्र काम करतं का, हा वाद आता फारसा उरलेला नाही. घरगुती म्हणून हिणवल्या गेलेल्या त्या खुल्या गणिताचीच न्यूझीलंडमध्ये रीतसर चाचणी झाली आणि निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं-मोठे मिळून ९७ जण, २४ आठवडे. यंत्रावर असलेल्यांची शुगर ७० ते १८० या पट्ट्यात राहण्याचं प्रमाण ६१ टक्क्यांवरून ७१ वर गेलं. तुलनेच्या गटात ते किंचित घसरलं. दोन्ही गटांत शुगर उतरून कुणावरही गंभीर प्रसंग ओढवला नाही. नंतरच्या यंत्रांत बोट टोचणंही बरंच कमी झालं. रुग्णांचा कल बदलायला त्यांना केलेल्या उपदेशापेक्षा ही दुरुस्ती अधिक उपयोगी पडली, असं मला वाटतं.

इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये ‘नाइस’ या संस्थेनं सरकारी आरोग्यसेवेतून ही यंत्रं देण्याची शिफारस केली. २०२४ पासून ती टप्प्याटप्प्यानं मिळू लागली. भारतात अशी यंत्रं आहेत, पण पंप आणि पुन्हा पुन्हा लागणारे सेन्सर बहुतेक कुटुंबं स्वतःच्या खिशातून घेतात. तेव्हा केसपेपरवर ‘रुग्ण तयार नाही’ असा शेरा मारण्याआधी डॉक्टरांनी एवढं विचारावं: नको आहे ते यंत्र, त्याचा अलार्म, की त्याची किंमत? आणि जे उत्तर मिळेल, तेही त्याच कागदावर लिहावं.