घरगुती दारूकाम व खारी हवा

मढच्या किनाऱ्यावर बोंबील उन्हात खडखडीत वाळतात. घरी भरलेला भुईनळा मात्र तेथेच सर्दावतो. असे का व्हावे? दारूकामाला कलमी सोरा, म्हणजे शुद्ध पोटॅशियम नायट्रेट लागते. त्याऐवजी खताचा चिली सोरा, म्हणजे सोडियम नायट्रेट घेतले, तर ते हवेतील ओल ओढून घेते आणि नळा फुसका निघतो. एवढ्यावर निभावले तर नशीबच म्हणावयाचे! आगपेटीतील काड्यांचे गूल खरवडणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या गुलात क्लोरेट असते. गंधकाशी त्याची गाठ पडली, की नुसत्या घर्षणाने भडका उडतो. म्हणूनच हे मिश्रण आपल्या देशात १९९२ पासून परवानाधारक कारखान्यांनाही मना आहे, आणि आपल्या अंगणात ते खलबत्त्यात कुटले जाते!