खेळयंत्रांचे अनुकरण व चित्रमुद्रण

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या यंत्रासाठी, म्हणजे कन्सोलसाठी, तयार केलेला खेळ सर्वसाधारण संगणकावर चालविणे यास अनुकरण म्हणतात. हे कार्य करणाऱ्या कार्यक्रमास अनुकारक अथवा इम्युलेटर ही संज्ञा आहे. मूळ यंत्राच्या प्रक्रियकाला, म्हणजेच प्रोसेसरला, दिलेली प्रत्येक आज्ञा अनुकारक वाचतो, तिचे संगणकाच्या आज्ञांत रूपांतर करतो आणि चित्र, ध्वनी व स्मृती यांची मंडले मुळात जशी वागली असती तशी वागवितो. खेळ चालू असतानाच त्याची चित्रे व ध्वनी साठविण्याच्या क्रियेला चित्रमुद्रण म्हणतात. ही दोन्ही कार्ये एकाच संगणकाकडून करवून घ्यावयाची असल्यास प्रक्रियकाची निवड विचारपूर्वक करावी लागते. [⟶ संगणक].

आवश्यकता : जपानमध्ये १९८३ साली आलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला १९९० नंतरच्या दशकात भारतात ‘टीव्ही गेम’ म्हणून घरोघर पोहोचल्या. त्यांच्या खेळाच्या पेटिकेला महाराष्ट्रात सर्रास ‘कॅसेट’ म्हणत. पुढे प्लेस्टेशन २ (२०००) हे यंत्र लोकप्रिय झाले. मुंबईच्या ट्राइन या संस्थेने त्यासाठी स्ट्रीट क्रिकेट चँपियन्स (२०१०) हा गल्ली-क्रिकेटचा खेळ तयार केला, रा.वन चित्रपटावरील तिचा खेळ (२०११) प्लेस्टेशन ३ साठी निघाला. प्लेस्टेशन २ चे उत्पादन २०१३ च्या सुमारास थांबले. तबकडी वाचणारे भिंग निकामी झाले, की खेळाची तबकडी शाबूत असूनही खेळ पाहता येत नाही. येथे तयार झालेले हे थोडे खेळ पुढील पिढीला पाहावयास मिळावेत, तर अनुकरण व चित्रमुद्रण हेच मुख्य मार्ग उरतात.

अनुकरणाचा भार : मूळ यंत्रातील निरनिराळी मंडले एकमेकांच्या संकेतांची सतत वाट पाहत असतात. हा क्रम जसाच्या तसा राखावयाचा असल्याने काम अनेक गाभ्यांत (प्रक्रियकातील स्वतंत्र गणनविभागांत) वाटून फारसा लाभ होत नाही. एका गाभ्याचा वेग निर्णायक ठरतो. सुपर फॅमिकॉम (१९९०) या यंत्राच्या प्रक्रियकाची कंप्रता (दर सेकंदाला होणाऱ्या स्पंदांची संख्या) कमाल ३·५८ मेगॅहर्ट्‌झ होती. तथापि त्याच्या प्रत्येक स्पंदाचे काटेकोर अनुकरण करणाऱ्या बीएसएनईएस या अनुकारकाला सु. ३ गिगॅहर्ट्‌झचा प्रक्रियक लागे. प्लेस्टेशन २ चा मुख्य प्रक्रियक सु. २९५ मेगॅहर्ट्‌झचा होता. त्याचा पीसीएसएक्स २ हा अनुकारक मुख्य भार दोन-तीन गाभ्यांवरच टाकतो. प्लेस्टेशन ३ (२००६) मात्र अपवाद होय. त्याच्या सेल प्रक्रियकातील सहा साहाय्यक विभाग खेळांना उपलब्ध असत. म्हणून आरपीसीएस ३ या अनुकारकास सहा ते आठ वेगवान गाभे उपयोगी पडतात.

चित्रमुद्रणाचा भार : १,९२० × १,०८० बिंदूंच्या एका चित्राला, दर बिंदूस ३ बाइट याप्रमाणे, सु. ६२ लक्ष बाइट लागतात. सेकंदाला ६० चित्रे घेतल्यास हे प्रमाण सु. ३७ कोटी बाइटांवर जाते. एवढी माहिती तशीच साठविणे परवडत नाही, म्हणून एच.२६४ (२००३) यासारख्या पद्धतीने तिचे संपीडन करतात. संपीडन प्रक्रियकाच्या गाभ्यांकडून करविल्यास अनुकारकाच्या वाट्याचा वेळ कमी होतो. सेकंदाला ६० चित्रांच्या खेळात एका चित्रास केवळ १६·७ मिलिसेकंद मिळतात. ही मर्यादा ओलांडली, की ध्वनी तुटतो व चित्र अडखळते. यावर उपाय म्हणजे संपीडनाचे स्वतंत्र मंडल होय. इंटेलच्या अनेक प्रक्रियकांतील चित्रविभागात असे मंडल २०११ पासून आढळते. मात्र ज्यांच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते त्यांत चित्रविभाग वापरता येत नाही. अशा वेळी हे मंडल असलेले स्वतंत्र चित्रपत्र, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, घ्यावे लागते. भारतातील दूरचित्रवाणीची पाल पद्धती ५० हर्ट्‌झची असल्याने त्या पद्धतीच्या आवृत्तीचे मुद्रण सेकंदाला ५० चित्रांनीच करणे इष्ट. ६० चित्रांनी केल्यास हालचालीत झटके दिसतात.

वऱ्हाडातील परिस्थिती : अमरावती व अकोला या जिल्ह्यांत उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या वर जाते. प्रक्रियक सु. ९५° ते १००° से. ला पोहोचला, की स्वसंरक्षणासाठी आपली कंप्रता कमी करतो. समजा, पंखा व धातूची पाती यांची शीतनयोजना दर वॉटला ०·५° से. तापमानवाढ होऊ देते. मग १०० वॉट खर्च करणारा प्रक्रियक २५° से. च्या खोलीत ७५° से. वर स्थिर राहील. पण ४५° से. च्या खोलीत तो ९५° से. गाठील. त्याच खोलीत ६५ वॉटचा प्रक्रियक ७७·५° से. वरच थांबेल. म्हणजे वेष्टनावर अधिक कंप्रता छापलेला प्रक्रियक वैशाखातील दुपारी कमी कंप्रतेच्या प्रक्रियकापेक्षा मंद ठरू शकतो. खोलीत पाण्याचा कूलर असल्यास त्याचा दमट झोत थेट संगणकावर येऊ देऊ नये. तसेच पात्यांवरील धूळ वरचेवर काढावी. वीज अवचित गेल्यास एमपी४ स्वरूपातील अपुरी फाइल बहुधा वाचता येत नाही. एमकेव्ही स्वरूपातील फाइल खंडापर्यंत शाबूत राहते. मुद्रण पुरे झाल्यावर तिचे रूपांतर करून घेता येते.

निवड : प्लेस्टेशन २ पर्यंतच्या यंत्रांसाठी एका गाभ्याचा उत्तम वेग, चार ते सहा गाभे, संपीडनाचे स्वतंत्र मंडल आणि सु. ६५ वॉट शक्तिव्यय एवढे पुरते. अधिक गाभ्यांवर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा चांगल्या शीतनयोजनेवर लावणे श्रेयस्कर. पारखताना खेळातील सर्वांत भारी प्रसंग भर दुपारी अर्धा तास मुद्रणासह चालवावा व शेवटच्या पाच मिनिटांतील कंप्रता पाहावी. पहिल्या पाच मिनिटांतील कंप्रता फसवी असते.

कायद्याची बाजू : अनुकारक तयार करण्यासाठी मूळ यंत्राच्या कार्यक्रमाचा उलट दिशेने अभ्यास करणे हा न्याय्य वापर ठरतो, असा निर्णय अमेरिकेतील अपील न्यायालयाने सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली दिला. भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे संगणकीय कार्यक्रमास साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे. कायदेशीर धारकास हानीपासून बचावापुरती राखीव प्रत करता येते. इतरांना प्रती वाटण्याची मुभा त्यात नाही. म्हणून स्वतःजवळील तबकडीवरूनच प्रत करून घेणे, हाच निर्धोक मार्ग होय.