सूचनेतील अध्याहृत ऋतू : उपनगरातील आयरिसचे उदाहरण

वाक्यात उच्चारलेले नाही, परंतु अर्थपूर्तीसाठी गृहीत धरावे लागते, अशा पदास व्याकरणात अध्याहृत पद म्हणतात. बोलणारा आणि ऐकणारा एकाच परिस्थितीत वावरत असले म्हणजे असे पद गाळल्याने काही बिघडत नाही. तेच वाक्य दुसऱ्या प्रदेशात नेले, की मात्र गाळलेल्या पदाची जागा रिकामी राहते. आणि ती रिकामी आहे हेदेखील वाचकाच्या ध्यानात येत नाही. भाषांतरित व्यावहारिक सूचनांत हा दोष वरचेवर आढळतो. दाढीदार आयरिसच्या लागवडीविषयीच्या सूचना मुंबईच्या उपनगरांस लावून पाहिल्या असता त्याचे स्वरूप विशेष स्पष्ट होते.

लिनीअसने १७५३ साली ‘आयरिस जर्मानिका’ या नावाने नोंदलेली जाती ही या गटाची परिचित प्रतिनिधी होय. तिच्या फुलाच्या सहा पाकळ्यांपैकी तीन उभ्या राहतात व तीन खाली झुकतात. झुकलेल्या पाकळीच्या मध्यावर केसांचा दाट पट्टा असतो. तीच तिची दाढी. झाड वाढते ते मूलक्षोडापासून, म्हणजे आल्याप्रमाणे जमिनीलगत आडव्या वाढणाऱ्या खोडापासून. लागवडीच्या सूचना थोड्या व सोप्या आहेत : दिवसभर ऊन असावे, जमीन निचऱ्याची, वाळूसर असावी, मूलक्षोडाची पाठ उघडी ठेवावी, फुलांचा हंगाम सरल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये त्याचे तुकडे करून पुन्हा लावावेत.

उपनगरात या अटी पुऱ्या करणे अवघड नाही. अंधेरीच्या पश्चिमेस वर्सोवा, बोरिवलीच्या पश्चिमेस गोराई व मनोरी येथे जमीन वाळूसरच आहे. मुलुंड-घाटकोपरकडे मुरमाड मातीत वाळू मिसळता येते. ऊन तर मुबलक आहे. असे असूनही झाडास बहुधा पानेच येतात, आणि पावसाळ्यात मूलक्षोड कुजते. लावणारा म्हणतो, आपल्या हाताला गुण नाही. वस्तुतः उणीव त्याच्या हातात नसून सूचनेच्या वाक्यात असते.

त्या वाक्यातील पहिले अध्याहृत पद हिवाळा हे होय. दाढीदार आयरिसला फुलाचा कोंब धरण्यासाठी काही आठवडे चांगली थंडी मिळावी लागते. युरोपातील लेखकाला हे सांगण्याची गरज भासत नाही, कारण तेथे थंडी न मागता मिळते. मुंबईत जानेवारीतील किमान तापमानाची सरासरी सुमारे १७ अंश सेल्सिअस असते. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझ येथे ७.४ अंशांची नोंद झाली. परंतु अशी एखादी रात्र म्हणजे ऋतू नव्हे.

दुसरे पद उन्हाळ्याविषयीचे आहे. भूमध्यसागराच्या परिसरात, जेथून या गटाचे पूर्वज आले, उन्हाळा कोरडा असतो व त्या काळात मूलक्षोड विसावा घेते. आपल्याकडे उष्ण महिन्यांच्या पाठोपाठ पावसाळा येतो. सांताक्रूझ येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. लंडनला वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पडतो. वाळू पाण्याचा निचरा करते, परंतु हवेतील दमटपणा तिला घालविता येत नाही. उबदार ओलाव्यात मऊ कुजीचे जिवाणू तुकड्यांच्या ताज्या जखमांतून सहज आत शिरतात. म्हणून ‘जुलै-ऑगस्ट’ या शब्दांचे भाषांतर अचूक असूनही सूचना घातक ठरते. हाच काळ पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा या नक्षत्रांनी सांगितला असता, तर ती सूचना वाचताक्षणीच शंकास्पद वाटली असती. इंग्रजी महिन्याचे नाव केवळ काल दर्शविते. पावसाच्या नक्षत्राचे नाव कालाबरोबर हवामानही सांगते.

‘दिवसभर ऊन’ या शब्दांचीही तीच गत आहे. लंडनच्या ५१ अक्षांशावरील ऊन आणि मुंबईच्या १९ अक्षांशावरील ऊन यांस एकच शब्द असला, तरी त्यांचा ताप एक नाही. येथे दुपारनंतरची सावली झाडास हितकर ठरते.

भाषांतर न करताही शब्द दिशाभूल करू शकतो, हे या झाडाच्या मराठी नावावरून दिसते. आयरिसचे वाळलेले मूळ औषधी बाजारात ‘बाळवेखंड’ या नावाने ओळखले जाते. वेखंड मात्र वेगळ्या कुळातील, पाणथळ जागी वाढणारी वनस्पती आहे. नावातील साम्य दुकानातील सुक्या मुळांच्या साम्यावरून आले; वाफ्याशी त्याचा संबंध नाही. नावावर विसंबून कोणी बाळवेखंड चिखलात लावील, तर ते कुजेल. मराठीत या मुळास नाव रूढ झाले, फुलास झाले नाही, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. काश्मीरच्या खोऱ्यात, जेथे हिवाळ्यात बर्फ पडते, आयरिस कबरींवर लावण्याची रीत आहे. तेथील ‘मजारमुंड’ या नावात मजार, म्हणजे कबर, स्पष्ट दिसते. तेथे नाव झाडाच्या वसतीवरून पडले. येथे ते मालाच्या पुडीवरून पडले. याउलट निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. पण त्याला येथील हवा मानवली, आणि निशिगंध व गुलछडी अशी दोन नावे मराठीत नांदू लागली.

तरीही प्रयोग करावयाचा असल्यास रिकाम्या जागा भरून सूचना अशी लिहावी लागेल : लागवड हस्त नक्षत्र सरून पाऊस उघडल्यावर करावी. उंच वाफा किंवा कुंडी घ्यावी व तळाशी विटांचे तुकडे घालावेत. समुद्रकाठची खारी वाळू न घेता नदीची जाड वाळू वापरावी. मृग लागण्यापूर्वी मूलक्षोड काढून कोरड्या, हवेशीर जागी ठेवावे. एवढे केल्याने झाड वाचेल. फुलाची हमी देता येणार नाही, कारण थंडी कुंडीत भरता येत नाही. फूलच हवे असेल, तर थंडीवाचून फुलणारे, नारिंगी पाकळ्यांवर तांबडे ठिपके असलेले बेलमकांडा लावणे श्रेयस्कर. त्याचे हे लॅटिन नाव ‘होर्टुस मलबारिकुस’ या ग्रंथाच्या १६९२ सालच्या खंडातील मलबारी नावावरून आले. २००५ साली त्याचा समावेश आयरिस प्रजातीतच करण्यात आला. दाढी नसली, तरी आयरिस म्हणण्याचा अधिकार त्यास आहे.

पारिभाषिक शब्दास प्रतिशब्द मिळाला म्हणजे भाषांतर पुरे झाले, असा समज आपल्याकडे दृढ आहे. आयरिसच्या उदाहरणात प्रत्येक शब्दास निर्दोष प्रतिशब्द आहे, आणि तरीही वाक्य येथे खोटे ठरते. फुलझाडाच्या बाबतीत हानी एका वाफ्याची होते. बियाणे, खत वा औषध यांच्या सूचनांत तीच चूक शेतकऱ्याचा हंगाम बुडवू शकते. म्हणून सूचना मराठीत आणणाऱ्याने मूळ लेखकाने काय लिहिले हे तर पाहावेच. त्याला काय लिहिण्याची गरज वाटली नाही, हेही शोधावे.