एक सर्व्हर, अनेक माणसे आणि परवान्याचा हिशेब

एकच संगणक अनेकांनी वाटून वापरावा, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र आले, तेव्हा अनेक संस्थांचे संशोधक आपापली गणिते घेऊन त्या एकाच यंत्राकडे धाव घेत. आज यंत्रे स्वस्त झाली, तरी वाटून घेण्याची सोय संपलेली नाही. समजा, रेणापूरच्या एखाद्या पतसंस्थेचा हिशेब लातूरला ठेवलेल्या सर्व्हरवर आहे आणि येथील कारकून आपल्या टेबलावरून तो लिहितो. काम चालते दूरच्या यंत्रात. येथे दिसते ते त्याचे चित्र. यालाच रिमोट डेस्कटॉप म्हणतात.

ही सोय सर्वांना दिसते. परवाना मात्र दिसत नाही. सॉफ्टवेअर 'विकत घेतले' असे आपण म्हणतो, पण वस्तुतः आपल्याला मिळते ती वापरण्याची मुभा. अशा खरेदीने स्वामित्वहक्क ग्राहकाकडे जात नाही, हे २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राप्तिकराच्या एका खटल्यात स्पष्ट केले. मग प्रश्न उरतो तो असा, की ही मुभा किती जणांना?

विंडोज सर्व्हरचे उदाहरण घेऊ. सर्व्हरचा परवाना एक, त्याची सेवा घेणाऱ्याचा दुसरा आणि दूरच्या पडद्यावर काम करण्याचा तिसरा. देखभालीसाठी एका वेळी दोघांना तिसऱ्या परवान्यावाचून आत जाता येते. परंतु ही सवलत देखभालीपुरतीच आहे, रोजच्या कारकुनीसाठी नव्हे.

तिसरा परवाना दोन प्रकारांनी मिळतो. एक माणशी, दुसरा यंत्रामागे. एस.टी.चा पास माणसाच्या नावावर असतो. तो कोणत्या गाडीत बसतो हे पाहिले जात नाही. उलट मोंढ्यातल्या काट्यावर तपासणीची मुद्रा असते. तोलणारा कोणीही असो. दहा टेबलांवर दोन पाळ्यांत वीस कारकून बसत असतील, तर यंत्रामागे दहाच परवाने पुरतात, माणशी वीस लागतात. पण तीनच माणसे कचेरीतून, घरातून आणि प्रवासातून अशा नऊ यंत्रांवर काम करीत असतील, तर माणशी तीन परवान्यांत भागते.

येथे एक गैरसमज फार आढळतो. 'एका वेळी पाचच जण बसतात, म्हणून पाच परवाने पुरे.' हे खरे नव्हे. मोजायची असतात ती वापरणारी माणसे किंवा यंत्रे. एका क्षणी बसलेली डोकी नव्हेत. शिवाय सेवा सुरू केल्यावर १२० दिवसांची मुदत मिळते, आणि त्या काळात सारे सुरळीत चालल्याने परवान्याची आठवणच राहत नाही. माणशी परवान्यात तर संख्या ओलांडली तरी यंत्र दार अडवीत नाही. ते अडवीत नाही म्हणून परवानगी आहे, असा अर्थ मात्र काढू नये. मोजदाद ठेवण्याची जबाबदारी संस्थेवरच राहते. आणि बनावट प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३-ब खाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे.

खर्च वाचवण्यासाठी कित्येक ठिकाणी एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द चौघांत फिरतो. आमच्या मते खरा धोका येथे आहे. उद्या एखाद्या खात्यात चुकीची नोंद निघाली, तर सर्व्हर एकच नाव सांगेल. अपराधी कोण हे कळणार नाही, आणि निरपराध कारकुनाला आपला निर्दोषपणा दाखवता येणार नाही.

ज्यांना हा खर्च झेपत नाही, त्यांना लिनक्ससारखी मुक्त प्रणाली मोकळी आहे. तिच्या मुक्त परवान्यात माणसे मोजली जात नाहीत. तथापि तेथेही प्रत्येकास स्वतंत्र खाते हवेच. परवाना हा विक्रेत्याशी असलेल्या व्यवहाराचा भाग. स्वतंत्र खाते हा ठेवीदारांशी असलेल्या इमानाचा. म्हणून संस्थेच्या चालकांनी वर्षातून एकदा तरी दोन याद्या समोर ठेवाव्यात. परवाने किती आणि माणसे किती? त्या जुळल्या, की सर्व्हर कोठेही असो, कारभार आपल्या हाती राहील.