पुलाखालचे जाळे

उंच इमारतीच्या परांचीवर उभे राहून काम करणारा गवंडी सर्वांनी पाहिलेला असतो. जेथून खाली पाहताच सामान्य माणसाचे डोळे फिरावेत, तेथे तो शांतपणे विटेवर वीट रचीत असतो. इमारत पुरी झाली की लोक तिच्या भव्यतेचे कौतुक करतात. परंतु ती उभारताना कोणाचा पाय घसरला, कोण कायमचा जायबंदी झाला, याची आठवण फारसे कोणी ठेवीत नाही. मोठे बांधकाम म्हटले म्हणजे त्यात काही माणसे दगावायचीच, असाच समज पूर्वी रूढ होता. या समजुतीला आव्हान देणारा एक मोठा प्रयत्न अमेरिकेतील ‘गोल्डन गेट’ पुलाच्या बांधकामात झाला.

सॅन फ्रॅन्सिस्को शहराचा उपसागर एका चिंचोळ्या सामुद्रधुनीने पॅसिफिक महासागराला मिळतो. या सामुद्रधुनीचे नाव गोल्डन गेट. तेथे भरती-ओहोटीचा ओघ मोठा, वारा सोसाट्याचा आणि धुके दाट. अशा ठिकाणी ७४६ फूट उंचीचे दोन पोलादी मनोरे उभारावयाचे आणि त्यांवरून सोडलेल्या लोखंडी दोरांना पुलाचा रस्ता टांगावयाचा, अशी योजना होती. दोन मनोऱ्यांमधील अंतर ४,२०० फूट होते. जानेवारी १९३३ मध्ये कामास प्रारंभ झाला. जोसेफ स्ट्रॉस हे या कामाचे मुख्य अभियंता होते.

त्या काळी पूल बांधणाऱ्या लोकांत एक क्रूर हिशेब प्रचलित होता. खर्चाच्या दर दहा लाख डॉलरांमागे एक मनुष्य मरावयाचा, असे ते धरून चालत. या पुलाचा खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर होता. म्हणजे त्या हिशेबाप्रमाणे ३५ माणसांचे मरण जणू आधीच ठरून गेले होते! शिवाय ते दिवस भयंकर मंदीचे होते. कामाच्या शोधात असंख्य लोक वणवण फिरत होते. एक कामगार गेला तर त्याच्या जागी दुसरा मिळण्यास मुळीच अडचण नव्हती. अशा वेळी कामगारांच्या जिवाची हेळसांड होणे सहज शक्य होते.

स्ट्रॉस यांनी मात्र हा हिशेब मान्य केला नाही. वरून पडणाऱ्या वस्तूंपासून डोक्याचे रक्षण व्हावे म्हणून प्रत्येक कामगाराने कठीण शिरस्त्राण घातलेच पाहिजे, असा नियम त्यांनी केला. उंचावर काम करणाऱ्याने सुरक्षादोर बांधणे सक्तीचे होते. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे दिपू नयेत म्हणून खास चष्मे देण्यात आले. उंचावर उगाच धाडसाचे खेळ करणाऱ्याला कामावरून काढून टाकण्यात येई. आपला जीव धोक्यात घालणे हे शौर्य नव्हे, ही गोष्ट तेथे कठोरपणे शिकविली गेली.

या सर्वांहून मोठी योजना म्हणजे पुलाखालचे जाळे. सर्कशीत झुल्यावरील कसरतपटूंच्या खाली जाळे ताणलेले असते. तसेच, पण कितीतरी मोठे जाळे पुलाच्या रस्त्याखाली बांधण्यात आले. ते पुलाच्या दोन्ही बाजूंस दहा-दहा फूट बाहेर आलेले होते. त्यासाठी १,३०,००० डॉलरांहून अधिक खर्च आला. पण त्या जाळ्याने १९ माणसांचे प्राण वाचविले. वाचलेले हे लोक थट्टेने स्वतःला ‘नरकाच्या अर्ध्या वाटेवरची मंडळी’ म्हणवीत. जाळ्यामुळे आणखी एक लाभ झाला. पायांखाली आधार आहे हे ठाऊक असल्यामुळे कामगारांची भीती कमी झाली व त्यांचा हात अधिक झपाट्याने चालू लागला.

जवळजवळ पावणेचार वर्षे या कामावर एकही मृत्यू झाला नाही. ऑक्टोबर १९३६ मध्ये एक यारी कोसळून एक कामगार मरण पावला. त्यानंतर १७ फेब्रुवारी १९३७ हा दिवस उजाडला. काँक्रीट ओतण्यासाठी बसविलेल्या लाकडी फळ्या काढण्याचे काम चालू होते. त्यासाठी रस्त्याखाली टांगलेला एक वजनदार फलाट अचानक निसटला आणि जाळ्यावर कोसळला. जाळे माणसाचा भार झेलण्यासाठी बनविलेले होते. कित्येक टनांचा तो भार त्याला पेलवला नाही. जाळे फाटत गेले आणि माणसे त्यासह समुद्रात पडली. त्या एका दिवसात दहा कामगार मृत्युमुखी पडले. पूल लोकांसाठी खुला होण्यास तेव्हा फक्त तीन-साडेतीन महिने उरले होते.

या दुर्घटनेचा अर्थ जाळे व्यर्थ होते असा नाही. एक साधन कितीही उत्तम असले, तरी ते दुसऱ्या साधनातील उणीव भरून काढू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. जाळ्याइतकीच काळजी फलाट धरून ठेवणाऱ्या लहानशा पकडींचीही घ्यावी लागते. शिरस्त्राण, दोर, जाळे, परांची यांची दररोज तपासणी व्हावी लागते. काल सर्व काही ठीक होते, म्हणून आजही ते ठीकच असेल असे गृहीत धरून चालत नाही.

२७ मे १९३७ रोजी पूल लोकांसाठी खुला झाला. ३५ मृत्यूंचा तो जुना हिशेब खोटा ठरला होता. तरीही ११ घरांतील माणसे परत आली नव्हती. त्या ११ जणांची नावे कोरलेला फलक पुलावर लावलेला आहे. फलक वाचणाऱ्याचे मन गहिवरून येते. परंतु जी १९ नावे त्या फलकावर कोरावी लागली नाहीत, त्यांचेही स्मरण वाचणाऱ्याने ठेवावे. ती माणसे दैवयोगाने वाचली नाहीत. कोणीतरी त्यांच्या जिवाचा विचार आधी केला होता, म्हणून ती संध्याकाळी आपल्या घरी परतली.